क्रॉलरचे शाफ्ट आणि गिअर वारंवार तुटतात. सगळं मेटल करून टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा: 1/10 मापाचा क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटची गाडी), अ‍ॅक्सियल कंपनीच्या एससीएक्स 10 टूच्या धर्तीवर जोडलेला, 35 टर्नची (वेढ्यांची) ब्रश मोटर, अलीकडेच टूएसवरून (दोन सेल) थ्रीएस (तीन सेल) बॅटरीवर नेलेला. तोवर काहीच तुटलं नव्हतं. आधी पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट शाफ्ट तुटला, तिथे जाड स्टीलचा टाकला. मग पुढचं क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली काटकोनात फिरणारी गिअरची जोडी) गेलं, तेही कडक केलेलं स्टीलचं बसवलं. आता मधला प्लास्टिकचा ड्राइव्ह शाफ्ट पिळवटलाय. सोलापुरात पार्ट मिळत नाहीत, कुरियरची वाट बघण्यात सुट्ट्या जातात. तेव्हा ड्राइव्ह शाफ्टही मेटलचा करावा का, आणि एमआयडीसीतल्या लेथवर काय काय करून घेता येईल?

ड्राइव्ह शाफ्ट प्लास्टिकचाच ठेवा, एक जादा आणून पेटीत टाका, आणि इथेच थांबा. कारण सांगतो.

तुमच्या गाडीत काय काय तुटलं त्याचा क्रम बघा की. चाकाजवळचा शाफ्ट, मग त्याच्या आतलं क्राउन-पिनियन, मग त्याच्याही आतला ड्राइव्ह शाफ्ट. प्रत्येक वेळी तुम्ही कच्चा दुवा पक्का केलात आणि झटका एक घर आत सरकला. आता ड्राइव्ह शाफ्ट स्टीलचा केलात की पुढचं घर म्हणजे गिअरबॉक्स. तो बदलायचा तर मोटर काढा, स्किड प्लेट काढा, लिंक सोडा, अर्धी गाडी टेबलावर. ड्राइव्ह शाफ्टला दोन स्क्रू लागतात आणि तो माळावर बसून बदलता येतो. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार ओवली तर फ्यूज उडायचा थांबतो, पण मग भिंतीतली वायर जळते. गाडीतही एक भाग मुद्दाम कच्चा लागतो, आणि तो कोणता असावा हे तुम्ही ठरवायचं.

आता जोराचा हिशेब. एससीएक्स 10 टू हे मॉडेल 2016 सालचं. त्याच्या एआर 44 अ‍ॅक्सलमध्ये 8 दातांचं पिनियन आणि 30 दातांचं क्राउन असतं, म्हणजे 3.75 पट. समजा मोटरचं पिनियन (छोटा गिअर) आणि त्याने फिरणारा मोठा स्पर गिअर मिळून 4 पट आणि गिअरबॉक्स 2.5 पट आहे. मोटरचा पीळ (टॉर्क) 1 धरला तर स्परवर तो 4, ड्राइव्ह शाफ्टवर 10 आणि चाकाच्या शाफ्टवर 37.5 होतो. म्हणून स्पर प्लास्टिकचा असूनही वर्षानुवर्षं टिकतो आणि चाकाजवळचा स्टीलचा शाफ्ट तुटतो. त्यातून क्रॉलरचं डिफ्रन्शल लॉक केलेलं असतं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरतात. तीन चाकं हवेत किंवा मुरमावर घसरत असली आणि एक खडकाच्या भेगेत अडकलं, तर सगळा पीळ त्या एकट्या शाफ्टवर येतो.

पुढच्या शाफ्टचं आणखी एक दुखणं आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की जॉइंट 40-45 अंशांत जातो. एकाच क्रॉसचा जॉइंट 45 अंशांत फिरवला तर चाकाचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेरीत तो 0.7 पटीपासून 1.4 पटीपर्यंत खाली-वर होतो, आणि पीळही त्याच मापात उसळतो. पूर्ण वळलेलं स्टिअरिंग, अडकलेलं चाक आणि पूर्ण दाबलेला थ्रॉटल हे तीन एकत्र आले की शाफ्ट कुठल्याही कंपनीचा असो, जातो. पोर्टल अ‍ॅक्सलवाल्या गाड्यांना (ट्रॅक्सासची 2017 ची टीआरएक्स 4, अ‍ॅक्सियलची काप्रा) इथे थोडा दिलासा असतो, कारण शेवटची गिअर-घट चाकाच्या हबमध्येच होते आणि शाफ्टला तेवढा कमी पीळ सोसावा लागतो. पण मग हबमधले छोटे गिअर आणि त्यांची बेअरिंगं सांभाळावी लागतात. पीळ कुठे तरी सोसावा लागतोच.

आता थ्रीएस. व्होल्टेज 7.4 वरून 11.1 झालं, म्हणजे दीडपट. मोटर दीडपट पळते, आणि फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. घसरत फिरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळते तेव्हा ही सगळी ऊर्जा क्षणात शाफ्टवर आदळते. बॅटरी बदलण्याआधी काहीच तुटत नव्हतं आणि नंतर ओळीने तुटायला लागलं, हे तुम्हीच लिहिलंय. उत्तर तिथेच आहे.

पार्ट मागवण्याआधी तुटलेला तुकडा नीट बघा. फेकू नका. खिडकीच्या उजेडात भिंग घेऊन बसा. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. नरम स्टीलचा शाफ्ट पिळाने तुटतो तेव्हा तोंड जवळपास सपाट, अक्षाला काटकोनात असतं आणि त्यावर गोल फिरलेल्या रेघा दिसतात. शेजारी धातू पिळवटलेलाही दिसेल. याचा अर्थ जोर जास्त झाला, किंवा माल हलका होता. फार कडक केलेला शाफ्ट मात्र 45 अंशांत तिरका, स्क्रूच्या आट्यासारखा फाटतो. म्हणजे बनवणाऱ्याने पाणी दिलं (तापवून, बुडवून कडक केलं) पण नंतर नरमाई आणली नाही. तिसरा प्रकार सगळ्यात बोलका: तोंडाचा काही भाग गुळगुळीत, काळपट, आणि उरलेला भाग चकचकीत दाणेदार. गुळगुळीत भागातली चीर जुनी असते. ती बरेच दिवस थोडी थोडी वाढत होती आणि शेवटच्या झटक्याला उरलेला भाग सुटला. अशी चीर बहुतेक वेळा पिनच्या भोकापासून किंवा धारदार खाचेपासून सुरू होते. असा शाफ्ट एका बाजूचा तुटला असेल तर दुसऱ्या बाजूचाही काढून बघा. तो त्याच वयाचा असतो.

गिअरचं वाचन वेगळं. एक-दोन दात मुळापासून उडालेत आणि बाकीचे नव्यासारखे असतील तर तो झटका. सगळ्या दातांचे शेंडे झिजलेत आणि मुळं शाबूत असतील तर दोन गिअर एकमेकांपासून लांब बसलेत, किंवा जोर आला की हाउसिंग फाकतंय. दात धारदार सुरीसारखे पातळ झाले असतील तर ग्रीसमध्ये धूळ गेलीय. प्लास्टिकचा दात वितळून ओघळला असेल तर मेश (दातांची एकमेकांतली बसणी) फार घट्ट आहे किंवा मोटर तापतेय.

क्राउन-पिनियनला एक जास्तीचा तपास लागतो. क्राउनच्या चार-पाच दातांवर मार्कर पेनने रंग द्या, हाउसिंग बंद करा, चाक हाताने धरून पिनियन थोडं पुढे-मागे फिरवा आणि उघडा. रंग दाताच्या मध्यावर पुसला गेला पाहिजे. फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या टोकाला पुसला असेल तर सगळा भार दाताच्या कोपऱ्यावर येतोय; अशात कितीही कडक स्टील आणा, कोपरा उडणारच. क्राउनमागच्या बेअरिंगपाशी 0.1 किंवा 0.2 मिलिमीटरची शिम (पातळ चकती) घालून बघा. शिमा जास्त झाल्या की गिअर जड फिरतो, तेव्हा एकेक घाला आणि दर वेळी बोटाने फिरवून बघा. तुम्ही नवं स्टीलचं क्राउन-पिनियन जुन्या बेअरिंगांवर, शिम न बघता बसवलं असेल तर ते आधी उघडा. रिव्हर्सला जोर लावल्यावर कट-कट आवाज येत असेल तर दात एकमेकांवर चढताहेत.

आणि एक गोष्ट, जी सगळ्यात आधी बघायची असते. गिअर गेला म्हणून लोक गाडी घेऊन येतात आणि निघतो सुटलेला ग्रब स्क्रू (गिअर शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू). गाडी उलटी करा, थ्रॉटल हलका द्या, मग स्पर हाताने फिरवा. मोटर गुरगुरते आणि स्पर थंड, म्हणजे हलतच नाही: मोटरच्या पिनियनचा ग्रब स्क्रू. स्पर फिरतो पण ड्राइव्ह शाफ्ट नाही: स्लिपर क्लच (जोर जास्त झाला की घसरणारा क्लच) किंवा गिअरबॉक्स. ड्राइव्ह शाफ्ट फिरतो पण दोन्ही चाकं थंड: शाफ्टच्या टोकाची पिन किंवा स्क्रू, नाहीतर क्राउन-पिनियन. एकच चाक थंड: त्या बाजूचा शाफ्ट, किंवा हेक्सच्या (चाक बसतं त्या षटकोनी तुकड्याच्या) मागची पिन पडलीय. पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रब स्क्रू बसवताना शाफ्टवरचा सपाट भाग आणि स्क्रू समोरासमोर आणा. दोन्ही पेट्रोलने किंवा थिनरने पुसून कोरडे करा आणि निळं थ्रेडलॉक एक थेंब लावा. लाल लावू नका, नंतर स्क्रू काढताना अ‍ॅलन कीच्या जागेचा गोळा होतो. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावायचंच नाही. काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात.

आता तुटू नये म्हणून काय. तुमच्या गाडीला स्लिपर क्लच आहे, तर तो वापरा. बऱ्याच जणांनी त्याचा नट पूर्ण आवळून ठेवलेला असतो, कारण चढावर घसरलेला आवडत नाही. नट पूर्ण आवळा, मग पाव आटा सोडा. चारही चाकं अडकतील अशी गाडी धरा आणि थ्रॉटलला झटका द्या: क्लच किंचित घसरला पाहिजे. नेहमीच्या चढावर घसरला तर जरा आवळा. टीआरएक्स 4 वाल्यांना हा पर्याय नाही. तिथे स्लिपरऐवजी स्परमध्ये रबरी गादीची रचना आहे. ती झटका गिळते, पण घसरत नाही, म्हणून तिथे बोटाला शिस्त लागते.

ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) पंचची सेटिंग असेल तर ती खाली आणा. थ्रॉटल दाबल्यावर करंट किती झपाट्याने सोडायचा हे ती ठरवते. ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा) पूर्ण ठेवला तरी हरकत नाही, पण पुढे जाताना एकदम रिव्हर्सला बोट नेण्याची सवय सोडा. गिअरमधली सगळी मोकळीक एका फटक्यात उलट्या बाजूला आदळते. चाक भेगेत अडकलं तर थ्रॉटल सोडा, स्टिअरिंग सरळ करा, वीतभर मागे घ्या, दुसरी वाट धरा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खरखरीत असतो, टायर त्याला चिकटून बसतो आणि घसरून सुटत नाही. मऊ मातीत जो जोर घसरण्यात वाया जातो तो इथे थेट शाफ्टवर जातो. थ्रीएस ठेवायचीच असेल तर मोटरचं पिनियन दोन-तीन दातांनी लहान करा. वेग खाली येईल, मोटर थंड राहील, थ्रॉटलवर ताबा वाढेल. पण चाकावरचा पीळ त्याने वाढतो, तेव्हा पंच आणि स्लिपर आधी लावून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर टूएसवर परत आलो असतो. क्रॉलिंगला वेग लागतोच कुठे?

मेटल कुठे करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पुढचे जॉइंट शाफ्ट, क्राउन-पिनियन, चाकांचे हेक्स: करा. मोटरचं पिनियन स्टीलचंच हवं. स्पर प्लास्टिकचा राहू द्या. अ‍ॅल्युमिनियमचे गिअर कुणी फुकट दिले तरी बसवू नका, दोन महिन्यांत करडी पेस्ट होते. पितळी वजनं खाली, चाकाजवळ चांगली, पण चाक जितकं जड तितका शाफ्टवर झटका मोठा. ‘फुल मेटल किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त संचांतला बराच माल जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. दिसायला सुरेख, पण कडेने टिचक्या उडतात. डब्ल्यूपीएल किंवा एमएन या कंपन्यांच्या छोट्या, स्वस्त गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मुळातले प्लास्टिकचे अ‍ॅक्सल गिअर फारच कच्चे असतात आणि 370 मोटर टाकली की टिकत नाहीत, म्हणून मेटल गिअरचा संच घ्यावाच लागतो.

लेथचं आता. अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत चांगले टर्नर आहेत, लूमचे सुटे भाग करून त्यांचा हात बसलेला आहे. पण काय मागायचं ते कळलं पाहिजे. गिअर मागू नका. आपल्या गिअरच्या दाताचं माप 48 पिच म्हणजे साधारण 0.53 मॉड्यूल, 32 पिच म्हणजे 0.8 च्या आसपास. लूमचे गिअर त्यापुढे राक्षस, आणि एवढ्या बारीक दाताचा कटर सहसा कुणाकडे नसतो. क्राउन-पिनियन तर विसराच. पिना, स्पेसर, बुश, हेक्स अडॅप्टर, सरळ शाफ्ट ही लेथची कामं. पिनेला सिल्व्हर स्टीलची सळई घ्या. ती मुळातच मापात घासलेली येते, 2 मिलिमीटरची मिळाली तर नुसती तोडायची आणि टोकं घासायची. पाणी द्यायची गरज नाही. पिन वाकली तर चालेल, पण तडकून अर्धी आत अडकली तर सुटका नाही. ड्रिल बिटची दांडी तोडून पिन करणारे आहेत. ती कडक असते, पण ठिसूळ. शाफ्टला ईएन 24 (चिवट मिश्र पोलाद) मागा. साधं एमएस (माइल्ड स्टील) दिलं तर पहिल्याच चढावर पिळवटेल.

कामाला जाताना जुना तुकडा आणि बेअरिंग दोन्ही बरोबर न्या. 5 मिलिमीटर म्हणून सांगितलंत आणि तो 5.03 झाला तर बेअरिंग हातोडीशिवाय जाणार नाही. हातोडी मारली की बेअरिंग संपलं. टर्नरच्या हातात बेअरिंग द्या आणि सांगा, अंगठ्याच्या दाबाने बसलं पाहिजे आणि उलटं धरल्यावर आपोआप पडू नये. तो शेवटचा हात पॉलिश पेपरने घेईल. पिनचं भोक शाफ्टच्या बरोबर मध्यातून गेलंय का ते तिथेच तपासा आणि भोकाची धार किंचित मोडून घ्या, म्हणजे चीर तिथून सुरू होणार नाही. एवढ्याशा कामाला कुणी पटकन बसत नाही, म्हणून चार-सहा नग एकदम सांगा.

थ्रीडी प्रिंटचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. पीएलए (प्रिंटला नेहमी वापरतात ते प्लास्टिक) साधारण 60 अंशांना नरम पडतं. मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डिकीत ठेवलेला प्रिंटचा पार्ट संध्याकाळी वाकडा मिळतो. जोराच्या जागी तो नकोच.

इथल्या हवेची आणखी एक गंमत. नायलॉनचे गिअर आणि शाफ्ट पूर्ण कोरडे झाले की ठिसूळ होतात. हवेतली ओल धरली की चिवट राहतात. आपला उन्हाळा कोरडा, त्यात पार्ट महिनोन् महिने पत्र्याच्या पेटीत. नवा प्लास्टिकचा ड्राइव्ह शाफ्ट बसवण्याआधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. खर्च शून्य.

धूळ हा मोठा शत्रू. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेस्ट तयार होते. हाउसिंगच्या जोडावर ग्रीसचा पातळ हात द्या, आत दातांपुरतंच ग्रीस, भरून ठेवायचं नाही. पावसाळ्यात काळा चिखल जॉइंटमध्ये वाळून सिमेंट होतो, तो घरी आल्या आल्या ब्रशने काढा. बेअरिंगं 5×10×4, 5×11×4 आणि 10×15×4 या मापांची असतात, पण उघडून मोजून घ्या. बाजारपेठेत 608 नंबरचं बेअरिंग सहज मिळतं, ही सहसा नाहीत. रबर सील असलेली मागवा. पत्र्याच्या झाकणाची आपल्या धुळीत लवकर खरखरतात.

जागेबद्दल एकच. हिप्परग्याच्या तलावाकडचे दगड किंवा बंद पडलेल्या खाणींच्या कडा ठीक, तिथल्या माणसांना विचारून. नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि किल्ल्यांचे दगड हे आपलं मैदान नव्हे.

माळावर तुटलं तर घरी कसं यायचं? पुढचा शाफ्ट गेला असेल तर पुढचा ड्राइव्ह शाफ्ट सोडून खिशात टाका आणि मागच्या चाकांवर या. तुटलेला तुकडा नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) राहू देऊ नका, त्याचं दातेरी टोक बेअरिंग खातं. मागचं गेलं तर उलटं. मधला ड्राइव्ह शाफ्ट पिळवटला पण तुटला नसेल तर तसाच हळू चालतो, पण त्या दिवशी चढ नको.

पेटीत ठेवायचं सामान मोजकं: एक ड्राइव्ह शाफ्ट, पुढचा एक जॉइंट शाफ्ट, अर्धा डझन पिना, एम 3 आणि एम 4 चे ग्रब स्क्रू, मोटरचं एक पिनियन, दोन-तीन शिमा, निळ्या थ्रेडलॉकची छोटी बाटली आणि चांगली अ‍ॅलन की. स्वस्त की नकोच, ती स्क्रूचा षटकोन खाऊन टाकते. 2020 मध्ये अलीएक्सप्रेस ही चिनी ऑनलाइन बाजारपेठ भारतात बंद झाल्यापासून पार्ट पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरच्या हॉबी दुकानांतून मागवावे लागतात आणि एकेका पिनेला कुरियरचा खर्च परवडत नाही. म्हणून दोघं-तिघं मिळून एकच ऑर्डर टाका. त्याआधी अ‍ॅक्सल हाउसिंगवर कोरलेला नंबर बघा आणि क्राउन-पिनियनचे दात मोजा. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर काही गाड्यांत मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. चुकून भलतंच आलं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, आणि तुमचा नवा ड्राइव्ह शाफ्ट सपाट सिमेंटवरसुद्धा पिळवटेल.